आपले कोकण आपणच पाहिले नव्हते

निवृत्त जोडप्याचा आगगाडीने आणि एस.टी.ने सिंधुदुर्ग प्रवास

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, हा प्रश्न आपल्या वस्तीत कोणी विचारत नाही. उत्तर सर्वांना ठाऊक असते. फंडाचे पैसे मुलाच्या खोलीला आणि मुलीच्या लग्नाला जातात, आणि माणूस नातवंडांना शाळेत पोहोचवण्याच्या नोकरीवर पुन्हा रुजू होतो. प्रवास म्हणाल तर ठरलेले. मे महिन्यात गाव, डिसेंबरात चैत्यभूमी, जमले तर एकदा नागपूर. याशिवाय केवळ पाहण्यासाठी घराबाहेर पडायचे असते, हे आपल्या पिढीला कोणी सांगितलेच नाही.

वर्तमानपत्रात मात्र निवृत्त जोडप्यांच्या सहलींच्या जाहिराती रोज दिसतात. आगगाडीने नॉर्वे आणि स्वीडन, मोटारीने डेन्मार्क, पंधरा दिवस, सर्व व्यवस्था आमची! चित्रातले आजी-आजोबा बर्फात हसत उभे असतात. वाचकहो, आम्ही उभयताही निवृत्त. आमचाही आगगाडीचा आणि रस्त्याचा प्रवास नुकताच झाला, तोही चांगला सहा दिवसांचा. फरक इतकाच, की तो मुंबईत सुरू होऊन सावंतवाडीला संपला. पण जे पाहिले ते आमच्यासाठी परदेशाइतकेच नवे होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

जवळ होते, पण पाहिले नव्हते

आमची नोकरी कारखान्यात, सौ.ची महापालिकेच्या रुग्णालयात. गाव मालवण तालुक्यात. सौ.चे माहेरही त्याच तालुक्यात, सिंधुदुर्ग किल्ल्यापासून बारा-पंधरा किलोमीटरवर. तरी वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत तिने किल्ल्यात पाऊल ठेवले नव्हते. लहानपणी ती आईबरोबर डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन मालवणच्या बाजारात येई. मोळी विकली, मीठ-मिरची घेतली, की अंधाराच्या आत घर गाठायचे. किल्ला पाण्यात समोर दिसे. पण होडीला पैसे पडत, आणि पैसे मीठ-मिरचीचे असत.

पुढे लग्न झाले, मुंबई आली. चाकरमानी गावाला जातो तो कामासाठी. कोणाचे लग्न, कोणाचा आजार, घराची कौले, जमिनीचा कागद. गाडीतून उतरला की थेट वाडीत, आणि वाडीतून थेट परतीच्या गाडीत. चाळीस वर्षे आम्ही असाच जिल्हा ओलांडला.

याला आणखी एक कारण आहे, ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. आमच्या आजोबांच्या डोक्यात कोकणाचा एक नकाशा होता. कोणत्या पाणवठ्यावर जायचे नाही, कोणत्या ओटीवर चढायचे नाही, चहाच्या दुकानात कोठे उभे राहायचे, याचा तो नकाशा. ज्या मुलखात पाय कोठे ठेवायचा याचीच चिंता, तेथे डोळे वर करून समुद्र कोण पाहणार? हल्ली सिंधुदुर्गात रस्तोरस्ती पाटी दिसते, ‘येवा, कोकण आपलाच असा!’ पाटी पाहुण्यांसाठी आहे. पण आम्ही म्हटले, हे ‘आपलाच’ एकदा आपणही तपासून पाहू.

मुलीने मोबाइलवर तिकिटे काढून दिली. मुलगा म्हणाला, "बाबा, गावी तर दरवर्षी जाता, मग खर्च कशाला?" सौ.ने उत्तर दिले, "गावी जातो, फिरायला कधी गेलो?" विषय तेथेच संपला.

बोट गेली, गाडी आली

जुन्या माणसांना कोकणची बोट आठवत असेल. मुंबईच्या धक्क्यावरून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती गोव्याकडे जाई. बोट किनाऱ्याला लागत नसे. समुद्रातच उभी राही आणि उतारूंना पोराबाळांसह, वळकट्यांसह होडीत उतरावे लागे. पावसाळ्यात बोट बंद. मग एस.टी.चा रात्रभराचा प्रवास, घाटाघाटांत उलट्या आणि पहाटे कोठेतरी चहा. पुढे बोटसेवाही बंद पडली.

कोकणात आगगाडी यावी म्हणून कित्येक वर्षे मागणी होती. राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी तिचा सतत पाठपुरावा केला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची सूत्रे आली. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर गाडी धावली. सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग, नव्वदावर बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल.

आम्ही मुद्दाम दिवसाची मांडवी एक्स्प्रेस धरली. रात्रीच्या गाडीने झोप होते, पण पाहणे होत नाही. रोह्यापासून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. चिपळूणनंतर डोंगर जवळ येऊ लागतात. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. बाहेर मिट्ट काळोख, डब्यात दिवे, आणि कानाला दडे बसलेले. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा पूल येतो. त्याची उंची सुमारे ६५ मीटर. खाली पाहिले की झाडे कोथिंबिरीच्या जुडीएवढी दिसतात. सौ.ने एकदा पाहिले आणि नंतर पूल संपेपर्यंत समोरच्या बाकाकडेच पाहत राहिली.

हे बोगदे सहज झाले नाहीत. सह्याद्रीचा कठीण कातळ फोडण्यासाठी स्वीडनहून यंत्रे आणावी लागली. म्हणजे जाहिरातीतला उत्तर युरोप आमच्या आधीच कोकणात येऊन, राबून गेला होता! पण खरी परीक्षा मऊ मातीच्या बोगद्यांत झाली. तेथे यंत्र चालत नव्हते. माती कोसळे, पाणी फुटे, आणि माणसांनी हाताने थोडे थोडे खोदत पुढे जायचे. या रेल्वेच्या बांधकामात ७४ जणांचे प्राण गेले. रत्नागिरीला त्यांचे स्मारक आहे. गाडी त्या स्थानकात थांबली तेव्हा फलाटावर वडापाव, चहा, आंबापोळी यांची गडबड चालली होती. आम्ही कारखान्यात हयात काढलेली माणसे. कोठलेही मोठे काम पाहिले, की ते कोणाच्या हातांनी झाले हा विचार आधी येतो.

गाडी वैभववाडीजवळ हळू झाली. २२ जून २००३ च्या रात्री याच भागात रुळांवर दरड येऊन मोठा अपघात झाला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. तेव्हापासून पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक निराळे असते, गाड्या सावकाश चालवतात. कोकणचा डोंगर वाट देतो, पण फुकट देत नाही.

कणकवलीचा आश्रम

संध्याकाळी कणकवलीला उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या गोपुरी आश्रमात गेलो. अप्पासाहेब पटवर्धनांनी तो १९४८ मध्ये उभारला. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने मैलासफाईचे काम स्वतः केले, मेलेल्या जनावरांचे कातडे सोडवण्याचे काम स्वतः केले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, सफाईचे काम आपल्यालाही मिळावे म्हणून त्यांनी उपवास केला होता.

बाबासाहेबांनी आपल्या समाजाला ही कामे टाकून द्यायला सांगितले, आणि तेच आपल्या घरांचे कल्याण करणारे ठरले. मेलेले ढोर ओढणे आमच्या वाडीने सोडले तेव्हा गावाने किती त्रास दिला, हे आमच्या वडिलांनी सांगितलेले आम्हाला आठवते. तरी ज्याच्यावर ते काम जन्माने लादलेले नव्हते त्याने ते आपण होऊन करावे, ही गोष्टही लहान नाही. मार्ग वेगळे होते. आश्रमाच्या आवारात झाडांखाली बसून आम्ही दोघे बराच वेळ यावर बोललो, आणि नेहमीप्रमाणे आमचे एकमत झाले नाही. सौ. म्हणाली, "त्यांनी केले म्हणून त्यांचे नाव झाले. माझ्या आजीने जन्मभर केले, तिचे नाव कोणाला ठाऊक आहे?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

होडीने किल्ल्यात

कणकवलीहून कसालमार्गे एस.टी.ने मालवण गाठले. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यात होड्या जातात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो म्हणून ही वाहतूक बंद असते. आम्ही थंडीच्या दिवसांत गेलो, पाणी शांत होते. होडीत चढताना सौ.चा गुडघा अडला. खलाशाने हात दिला आणि म्हणाला, "सावकास येवा, घाई नाय."

कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचे काम नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झाले आणि १६६७ मध्ये पुरे झाले. शिवाजी महाराजांनी समुद्रावरील सत्तांना वचक बसावा म्हणून ही जागा निवडली. तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर. पायाचे दगड बसवताना शिशाचा रस ओतला, असे सांगतात. गंमत म्हणजे दरवाजा समोरून दिसतच नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांमधली वळणाची वाट सापडते. शत्रूची तोफ थेट दारावर चालू नये, यासाठी ही योजना.

चारी बाजूंना खारे पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी! दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशी त्यांची नावे. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेले शिवाजी महाराजांचे मंदिर येथे आहे. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांची मुले शिकायला होडीने पलीकडे जातात.

सौ. दूधबावीच्या काठाशी उभी राहून आत वाकून पाहत होती. मग तटावर चढली आणि मालवणच्या बाजाराच्या दिशेने बोट दाखवून म्हणाली, "आम्ही तिकडे बसायचो, मोळी घेऊन." पन्नास वर्षे तिने किल्ला किनाऱ्यावरून पाहिला होता. आज किल्ल्यावरून किनारा पाहिला. त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि आम्हीही बोललो नाही.

जवळच राजकोट किल्ला आहे. तेथे ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि २०२५ मध्ये नवा उभा राहिला. साडेतीनशे वर्षांचा तट लाटा खात उभा आहे आणि नऊ महिन्यांचा पुतळा पडतो, यातून प्रत्येकाने काय घ्यायचे ते घ्यावे.

रापण आणि पाण्याचा तांब्या

मुक्काम देवबागच्या बाजूला एका घरगुती निवासात केला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. घराची मालकीण साठीची. तिने आमचे गाव विचारले. गावाचे नाव सांगितले की दुसरा प्रश्न येतोच, "वाडी खंयची?" या प्रश्नाचा अर्थ आपल्या माणसाला लगेच कळतो. मुंबईत निम्मे आयुष्य गेले तरी त्या वेळी छातीत धस्स होतेच.

सौ.ने सरळ सांगितले, "बौद्धवाडी."

बाई क्षणभर थांबल्या. मग आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या व दोन पेले घेऊन आल्या. "पाणी घेवा. भाकरी खातास की भात?" इतकेच. याचा अर्थ सगळीकडे सगळे सरळ झाले आहे, असा आम्ही काढत नाही. पण आजोबांच्या नकाशातली एक वाट तरी त्या दिवशी मोकळी निघाली, हे सांगितलेच पाहिजे. पाणी गार होते. रात्री जेवायला भाकरी, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी होती.

पहाटे किनाऱ्यावर रापण पाहिली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून एक लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात. त्याची दोन टोके किनाऱ्यावर. मग दोन्ही बाजूंना माणसे रांगेने दोर धरून जाळे ओढतात. म्हातारे असतात, पोरे असतात, बायकाही हात लावतात. जाळे जवळ येते तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात आणि शेवटी पेडवे, बांगडे वाळूवर चमकू लागतात. मग वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. दोराला हात लावणारा रिकाम्या हाताने जात नाही. आम्हीही थोडा वेळ दोर ओढला. एका म्हाताऱ्याने पानात बांधून चार पेडवे हातात ठेवले. "तुमचो वाटो," म्हणाला. आमच्या निवृत्तीनंतरची ही पहिली कमाई!

पण रापण आता कमी झाली आहे. मोठ्या यांत्रिक नौका पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उचलतात. रात्री समुद्रात प्रखर दिवे लावून मासे गोळा करणारेही आहेत. किनाऱ्यापर्यंत मासा पोहोचेल कसा? २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. त्यामागे मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांची मोठी चळवळ होती. कायदा झाला, पण तो पाळला जावा यासाठीची लढाई संपलेली नाही. गिरणी कामगारांचा संप ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे दुखणे वेगळे समजावून सांगायला नको.

कातळावरची चित्रे

मालवण तालुक्यातच कुडोपी नावाचे गाव आहे. रिक्षा ठरवून तेथल्या सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे माळरान. आमच्या लहानपणी सडा म्हणजे गुरे चारायची जागा. आता कळते, की त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रे कोरून ठेवली आहेत. माणसे, मासे, प्राणी, आणि अर्थ न लागणाऱ्या कितीतरी आकृत्या. ती भिंतीवर नाहीत, जमिनीवर आडवी आहेत. उन्हे तिरपी असताना रेषा स्पष्ट दिसतात, म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी जावे.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा मिळून अशा नऊ ठिकाणांची नावे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सिंधुदुर्गातले त्यातले ठिकाण हे कुडोपी. ज्यांनी हे कोरले त्यांची भाषा, देव, आडनावे आपल्याला ठाऊक नाहीत. कोण वरचा आणि कोण खालचा, हेही कातळ सांगत नाही. एवढेच सांगतो, की येथे माणसे राहत होती आणि त्यांनी आजूबाजूचे जग नीट पाहिले होते.

वेंगुर्ले, शिरोडे

चौथ्या दिवशी एस.टी.ने वेंगुर्ले. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. म्हणजे युरोपातल्या लोकांनी जहाजातून महिनोन्‌महिने प्रवास करून वेंगुर्ले गाठले, आणि आम्ही शेजारच्या तालुक्यातले असून साठीनंतर पोहोचलो!

वेंगुर्ल्याचे नाव काजूसाठी आहे. काजू हे मूळचे ब्राझीलचे झाड, पोर्तुगीजांनी इकडे आणले. येथल्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या जाती काढल्या, त्या आज कोकणभर लागल्या आहेत. एका लहान कारखान्यात सौ. बायकांशी बोलत बसली. काजूच्या टरफलातले तेल फार दाहक, हाताची कातडी भाजून काढते. म्हणून बिया फोडताना बायका हाताला तेल किंवा राख लावतात. एकीने आपले तळहात दाखवले. मुंबईत बर्फीवर चिकटवलेला अर्धा काजू आपण खातो, त्यामागे असे हात असतात. रुग्णालयात नोकरी केलेल्या सौ.ने लगेच रबरी हातमोज्यांचा विषय काढला. बाई हसली आणि म्हणाली, "मोज्यांनी काम सावकास होता. आमका किलोवर पैसे."

तेथून शिरोडे. मे १९३० मध्ये येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्रभरातून आलेल्या सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. वि. स. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षे याच गावात शिक्षक होते. पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. आडगावच्या शाळेत शिकवूनही माणूस केवढा मोठा होऊ शकतो, हे आपल्या शिक्षक असलेल्या मुलामुलींनी जरूर लक्षात ठेवावे.

सावंतवाडी आणि पिंगुळी

सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी संध्याकाळ छान जाते. चितार आळीत लाकडी खेळणी पाहिली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची केळी, आंबे, मिरच्या, इतक्या हुबेहूब की नातू चावून बघेल! राजवाड्यात गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत एकशेवीस पाने असतात. ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्याने गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात कारागीर शोधून ती पुन्हा उभी केली.

पण आमचे मन रमले ते कुडाळजवळच्या पिंगुळीत. येथील ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करत आला. चित्रांची पोथी घेऊन गावोगाव, देवळोदेवळी फिरायचे, गोष्ट सांगायची आणि मिळेल ते धान्य घ्यायचे. त्यांच्यातील परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्यात संग्रहालय उभारले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुनी चित्रे, बाहुल्या, वाद्ये, सारे त्या गोठ्यात मांडले आहे. दारोदार फिरणाऱ्यांच्या दारी आज जग येते, आणि तिकीट काढून येते. आपल्या वाड्यांतही जुन्या वस्तू, जुनी वाद्ये, जुनी गाणी पडून आहेत. म्हातारी माणसे आहेत तोवर ती जमवायला हवीत, एवढा बोध आम्ही पिंगुळीतून घेतला.

देवगड आणि विजयदुर्ग यांना या वेळी वेळ पुरला नाही. आंब्याच्या दिवसांत तिकडे जायचे ठरले आहे. सावंतवाडीहून रात्रीची गाडी धरून परतलो.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

आगगाडीत ज्येष्ठांना पूर्वी भाड्यात सवलत होती, पुरुषांना चाळीस टक्के आणि स्त्रियांना पन्नास टक्के. ती मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या काळात बंद झाली. आम्हाला पूर्ण भाडे पडले. मात्र तिकीट काढताना वय बरोबर लिहावे. साठीवरच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीवरच्या स्त्रियांना खालचा बाक देण्याची तरतूद आहे. गुडघ्यांसाठी ती मोलाची.

एस.टी.ने मात्र हात दिला. राज्यात ६५ ते ७५ वर्षे वयाच्यांना अर्धे तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरील सर्वांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. मार्च २०२३ मध्ये सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. आधारकार्ड जवळ ठेवावे. सौ.ने वाहकाला विचारले, "मी बाई म्हणून अर्धी आणि म्हातारी म्हणून अर्धी, मग फुकट का नाही?" सगळी गाडी हसली.

रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्याव्यात. दिवसाला एकच गाव करावे. दुपारी दोन तास आडवे व्हावे. सणासुदीला आणि मे महिन्यात गाड्या भरलेल्या असतात, खोल्याही महाग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. दोघांची तिकिटे, खोल्या, जेवण, होडी, रिक्षा असा सहा दिवसांचा सारा खर्च आमच्या मुलाच्या नव्या मोबाइलपेक्षा कमी भरला.

वाचकहो, आपल्या पिढीने मुलांना शिकवले, घरे उभी केली, वस्तीत विहार बांधले. हे सारे करताना स्वतःसाठी तिकीट काढायचे राहून गेले. मुले विचारतील, आता या वयात कशाला? त्यांना सांगावे, की ज्या वाटा आपल्या आईबापांना बंद होत्या त्या वाटांवरून दिवसाउजेडी, स्वतःच्या पैशाने, खिडकीपाशी बसून जाणे ही चैन नव्हे. ज्यांचे गाव कोकणात नाही त्यांनी आपल्या जिल्ह्यातून सुरुवात करावी. प्रत्येक जिल्ह्यात एखादे लेणे, एखादा किल्ला, एखादी नदी अशी असतेच, जिच्याजवळून आपण वर्षानुवर्षे कामाच्या घाईत गेलो. गुडघे चालत आहेत तोवर निघावे. नातवंडांना सोबत घेतले तर फारच उत्तम. आजीने मोळी कोठे विकली ते त्यांना दाखवावे, आणि मग होडीने किल्ल्यात न्यावे.